विरघळणारं सिलिकॉन

न्यू जर्सी राज्यातल्या मरे हिलला बेल लॅबोरेटरीजचं मोठं आवार आहे. १९४७च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्माला आला तो इथेच. पुढची आठ-नऊ वर्षं तिथल्या लोकांपुढे एक अगदी कारागिराचा प्रश्न होता. ट्रान्झिस्टर ज्यांचे करायचे ती जर्मेनियम आणि सिलिकॉन ही दोन्ही ठिसूळ. करवतीने कापली, घासून गुळगुळीत केली, तर पृष्ठभागाला बारीक इजा होते आणि ती ट्रान्झिस्टरला चालत नाही. मग यांना आकार द्यायचा कसा?

आर्थर उहलिर यांनी करवत बाजूला ठेवली आणि काम आम्लाकडे सोपवलं. सिलिकॉनचा तुकडा हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवायचा, त्याला विजेचं धन टोक जोडायचं आणि प्रवाह सोडायचा. प्रवाह पुरेसा जोरात असला की अणू सगळीकडून सारखे निघत जातात आणि तुकड्याला आरशासारखी चकाकी येते. प्रवाह कमी ठेवला की मात्र बिनसायचं. तुकड्यावर काळपट, तपकिरी, कधी लालसर असा निस्तेज थर दिसायचा. उहलिर यांनी १९५६ साली ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’मध्ये आपल्या पद्धतीवर लेख लिहिला, त्यात या थराचीही नोंद केली. त्यांच्या पत्नी इंगेबोर्ग उहलिर यांचं नावही या शोधाला जोडलेलं आहे. थर म्हणजे सिलिकॉनचं एखादं संयुग बसलं असावं, असा तेव्हाचा समज होता. हवा होता गुळगुळीत पृष्ठभाग, त्यामुळे या डागाळलेल्या तुकड्यांत कोणी फार जीव घातला नाही.

१९७०च्या दशकात जपानमधल्या संशोधकांनी हा थर नीट तपासला, तेव्हा उलगडा झाला. बाहेरून काही बसलेलंच नव्हतं, सिलिकॉन आतून पोखरलं गेलं होतं. वाळवी लागलेल्या वाशाचा आकार जसाच्या तसा राहतो आणि आत बोगदेच बोगदे असतात, तसा हा प्रकार. फरक एवढाच की हे बोगदे काही नॅनोमीटर रुंदीचे होते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८०,००० नॅनोमीटर धरली, तर ते किती अरुंद असतील याचा अंदाज येईल. बोगद्यांच्या मधल्या भिंती मात्र मूळच्या सिलिकॉनच्याच, तोच स्फटिक, अणूंची तीच मांडणी. या पदार्थाला सच्छिद्र सिलिकॉन हे नाव पडलं आणि चिपमधले भाग एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवण्यासाठी त्याचा थोडाफार उपयोगही होऊ लागला.

कर्करोगाची गाठ दाखवणारा आणि तिथेच औषध सोडणारा कण या तुकड्यापासून तयार होईल, असं तेव्हा कोणाच्या मनात येण्याचं काहीच कारण नव्हतं. त्याला आणखी तीन वळणं यावी लागली.

पहिलं वळण इंग्लंडमध्ये आलं. वूस्टरशायरमधल्या मॉल्व्हर्न गावी ब्रिटिश सरकारची रडार संशोधनाची संस्था होती. तिथे ली कॅनहॅम नावाचे भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. सिलिकॉन वीज उत्तम हाताळतं, पण प्रकाश देण्याच्या बाबतीत अगदीच मुखदुर्बळ. त्यातल्या इलेक्ट्रॉनला ऊर्जा दिली तर तो बहुतेक सगळी उष्णतेतच घालवतो. कॅनहॅम यांचा विचार असा की भोकं रुंद करत नेली, तर मधल्या भिंती झिजून शेवटी नुसते तंतू उरतील. तंतू दोन-तीन नॅनोमीटर जाडीचे झाले की इलेक्ट्रॉनला हिंडायला जागा उरणार नाही, आणि अशा कोंडलेल्या इलेक्ट्रॉनचं वागणं पुंजभौतिकीच्या नियमांप्रमाणे बदलेल. त्यांनी पोखरलेल्या चकत्या तासन् तास आम्लात भिजत ठेवल्या आणि मग त्यांच्यावर हिरवा, निळा लेसर सोडला. चकती लाल प्रकाशाने उजळली. तो पाहायला कुठलं उपकरण लागत नव्हतं, नुसत्या डोळ्यांना दिसत होता.

१९९०च्या सप्टेंबरात यावरचा त्यांचा निबंध छापून आला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत आम्लाची भांडी बाहेर निघाली. सिलिकॉनच्याच चिपवर सिलिकॉनचेच दिवे लावायचे, तारांऐवजी प्रकाशाने संदेश पाठवायचे, हे तेव्हाचं स्वप्न. काही वर्षांतच ते फिकं पडलं. विजेवर पेटवलं तर उजेड कमी मिळे. त्याहून मोठी अडचण टिकाऊपणाची होती. इतक्या बारीक तंतूंचं मिळून पृष्ठफळ प्रचंड असतं, त्यामुळे हवा आणि दमट वातावरण त्यांना सगळीकडून गाठतं. आज मोजलेला प्रकाश महिन्याभराने तसाच राहील याची खात्री नसे. ज्या उद्योगाला दहा-दहा वर्षं न बिघडणारी वस्तू हवी, त्याच्या दृष्टीने हा पदार्थ नापास होता.

दुसरं वळण मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि तेही कॅनहॅम यांनीच घेतलं. १९९५ साली त्यांनी सच्छिद्र सिलिकॉन अशा द्रावणात ठेवलं, ज्यातल्या क्षारांचं प्रमाण माणसाच्या रक्तद्रवाशी मिळतंजुळतं असतं. घन सिलिकॉन त्यात नुसतं पडून राहिलं. मध्यम सच्छिद्र तुकड्यांवर हाडात असतं तसं खनिज जमू लागलं. खूप सच्छिद्र तुकडे विरघळून गेले.

विरघळून त्यांचं होतं ऑर्थोसिलिसिक आम्ल. नाव ऐकून दचकायला नको. ते आपल्या पिण्याच्या पाण्यात असतं, धान्यातून पोटात जातं, रक्तात थोड्या प्रमाणात कायम असतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकत असते. म्हणजे शरीरात जाऊन काम करून, मागे काही न ठेवता निघून जाणारा अर्धवाहक पदार्थ हाताशी आला होता. दिव्यासाठी जो दोष होता, शरीरासाठी तोच गुण ठरला. कॅनहॅम यांनी पदार्थ बदलला नव्हता, तो ठेवायची जागा बदलली होती.

या कामातून ब्रिटनमध्ये एक कंपनी निघाली. पुढे किरणोत्सारी फॉस्फरस-३२ धारण केलेले सिलिकॉनचे सूक्ष्मकण तयार झाले आणि सिंगापूरमध्ये यकृताचा शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग असलेल्या ८ रुग्णांच्या गाठींत ते थेट सुईने सोडले गेले. माणसावरच्या या पहिल्या चाचणीचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. तेच तंत्र पुढे ऑस्ट्रेलियातल्या कंपनीने स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी नेलं आणि २०२० साली त्याला युरोपात विक्रीची परवानगी मिळाली. हे कण नॅनो मापाचे नाहीत, हजार नॅनोमीटरच्या पुढचे, म्हणजे मायक्रोमीटरच्या हिशेबातले आहेत. रक्तातून वाट काढत जाण्याचं काम त्यांच्यावर टाकलेलंच नाही, डॉक्टरच त्यांना गाठीपर्यंत पोचवतो. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता थोडं तेलाच्या धंद्याकडे वळू, कारण याच गोष्टीची दुसरी शाखा तिथून फुटली.

कच्च्या तेलातले मोठे रेणू तोडून पेट्रोल काढण्यासाठी तेल कंपन्या झिओलाइट नावाची सच्छिद्र खनिजं वापरतात. झिओलाइटची भोकं एका नॅनोमीटरच्या आसपास असतात, त्यामुळे बोजड रेणू आत शिरतच नाहीत. न्यू जर्सीतच मोबिल कंपनीच्या संशोधकांनी यावर एक सुरेख युक्ती काढली. साबणासारखा पदार्थ पाण्यात पुरेसा मिसळला की त्याचे रेणू एकत्र येऊन लांबट नळकांडी तयार होतात आणि ती मधमाशांच्या पोळ्यासारखी रचली जातात. त्यांच्याभोवती सिलिका, म्हणजे वाळूत असते तीच, जमू द्यायची आणि मग सगळं भट्टीत घालायचं. साबण जळून जातो, नळकांड्यांच्या जागी पोकळी राहते. मातीच्या साच्यातलं मेण वितळवून मूर्ती ओतणाऱ्या कारागिराला हे लगेच कळेल. १९९२ साली ‘नेचर’मध्ये हा पदार्थ ‘एमसीएम-४१’ या नावाने जगापुढे आला. त्याच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं. आपल्या हिशेबात सांगायचं तर चिमूटभर पुडीत जवळजवळ दहा गुंठे जमीन.

श्रेयाचा हिशेब करताना दोन नावं सुटू नयेत. टोकियोच्या वासेदा विद्यापीठात काझुयुकी कुरोदा यांच्या गटाने १९९० सालीच अशाच वाटेने सच्छिद्र सिलिका केली होती. आणि त्याच्याही आधी, १९६९ साली, अमेरिकेतल्या सिल्व्हेनिया या दिवे बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी हलकी सिलिका बनवण्याच्या कृतीचं पेटंट मागितलं होतं. १९७१ साली ते मिळालं आणि फायलीत गेलं. १९९७ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ती कृती शब्दशः करून पाहिली, तर हाती आली ती एमसीएम-४१च. तो पदार्थ वीस वर्षं कागदावर होता, त्याच्या आत काय आहे हे कोणी पाहिलं नव्हतं.

तेलाच्या कारखान्यात या सिलिकेने फार मोठी क्रांती केली असं म्हणता येणार नाही. पण २००१ साली माद्रिदमध्ये मारिया व्हाये-रेगी यांनी तिच्यात इबुप्रोफेन भरलं. तेच आपल्या घरोघरी असणारं वेदनाशामक. भोकांतून औषध हळूहळू पाझरत राहतं हे त्यांनी दाखवलं आणि पुडीतल्या दहा गुंठ्यांवर पीक घ्यायला सुरुवात झाली. २००३ साली आयोवा राज्यातल्या एम्स इथे व्हिक्टर लिन यांच्या गटाने भोकांना दारं बसवली. प्रत्येक भोकाच्या तोंडावर एक सूक्ष्म कण रासायनिक बंधाने अडकवायचा, आणि विशिष्ट रसायन भेटलं की तो बंध तुटून दार उघडेल, अशी व्यवस्था. औषध कुठे आणि कधी सुटावं हे ठरवता येण्याची शक्यता तिथे दिसली.

हे ठरवता येणं किती मोलाचं आहे, ते केमोच्या वॉर्डात सोबत म्हणून बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. डॉक्सोरुबिसिन हे औषध लालभडक असतं. सिस्टर ते शिरेतून सावकाश सोडतात, नजर सुईवरून हलू देत नाहीत, कारण शिरेबाहेर थेंब गेला तर आजूबाजूचं मांस जळतं. दुसऱ्या दिवशी लघवीला लाल रंग येतो. केस जातात. आणि हे औषध आयुष्यभरात ठरावीक मात्रेपुढे देताच येत नाही, कारण ते हृदयाच्या स्नायूला दुखावतं. गाठ मारणारं औषध हृदयापर्यंत जाऊच नये, एवढीच तर मागणी आहे.

दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं आहे. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आढळतं. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या वाचकांना ते त्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्यांमुळे माहीत असेल. या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं, हे गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२च्या सुमारास दाखवलं. मूळ शोध १९६६चा, अमेरिकेतल्या मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांचा, एका चिनी झाडातून लागलेला. कॅम्प्टोथेसिन कर्करोगाच्या पेशी मारतं, पण पाण्यात विरघळत नाही. विरघळावं म्हणून त्याचा क्षार करून रुग्णांना दिला, तेव्हा दुष्परिणामांमुळे चाचण्या थांबवाव्या लागल्या. २००७ साली लॉस एंजेलिसमध्ये जेफ्री झिंक आणि फुयुहिको तामानोई यांनी कॅम्प्टोथेसिन सच्छिद्र सिलिकेच्या कणांत भरून पेशींपर्यंत पोचवलं. पुढच्या वर्षी त्यांनी कणाच्या पोटात लोहाच्या ऑक्साइडचा गाभा ठेवला, म्हणजे कण एमआरआयमध्ये दिसावा. भिंतीत चमकणारं रंगद्रव्य गुंफलं, भोकांत औषध भरलं आणि बाहेरून फॉलिक आम्ल लावलं, कारण कर्करोगाच्या अनेक पेशी ते हावरटपणे ओढून घेतात. २०१० साली उंदरांमध्ये वाढवलेल्या मानवी स्तनकर्करोगाच्या गाठी या कॅम्प्टोथेसिनवाल्या कणांनी आकसलेल्या दिसल्या.

दाखवणं आणि मारणं एकाच कणाने करायचं, ही कल्पना या लोकांची नवी नव्हती. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली किरणोत्सारी आयोडीन थायरॉइडच्या रुग्णाला दिलं. आयोडीन थायरॉइडमध्येच जाऊन बसतं, तिथून निघणारी गॅमा किरणं त्याची जागा सांगतात आणि बीटा किरणं पेशींना मारतात. मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून आहे, तिथे थायरॉइडच्या कर्करोगाचे रुग्ण हा उपचार घेत आले आहेत. अडचण अशी की आयोडीनसारखी आपली गाठ स्वतःहून ओळखणारी वस्तू बाकीच्या कर्करोगांना सहज मिळत नाही. म्हणून तिची नक्कल करायची. एकीकडे खूण, दुसरीकडे औषध, आणि दोन्ही मावतील अशी पोकळी. सच्छिद्र कणांकडे संशोधक धावले ते या पोकळीसाठी.

गाठीपर्यंत कण जाणार कसे, याचं एक उत्तर जपानमधून आलेलं होतं. कुमामोतो इथे यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी उंदरांच्या शिरेत एक निळा रंग सोडला. तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो. निरोगी रक्तवाहिन्यांतून एवढा मोठा रेणू सहसा बाहेर पडत नाही, पण गाठ निळी झाली. घाईघाईने वाढणाऱ्या गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात, त्यांना फटी असतात, आणि निचराही नीट होत नसतो. आत गेलेलं आत राहतं. १९८६च्या त्या निबंधावर पुढच्या तीस वर्षांची सगळी भिस्त होती.

तिसरं वळण कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोमध्ये. मायकेल सेलर यांची प्रयोगशाळा १९९०च्या त्या लाल उजेडानंतर सच्छिद्र सिलिकॉनकडे वळली होती. त्यांची विद्यार्थिनी जेमी लिंक हिच्या हातातली एक चिप फुटली आणि लक्षात आलं की तिचे कपचेसुद्धा अख्ख्या चिपसारखंच काम करत आहेत. त्यातून ‘स्मार्ट डस्ट’ची कल्पना निघाली आणि २००३ साली तिला विद्यार्थी संशोधकांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. तुकडा कितीही बारीक केला तरी त्याचे गुण टिकतात, हा धडा प्रयोगशाळेने पक्का केला.

२००९ साली जी-हो पार्क, सेलर, संगीता भाटिया, एर्क्की रुओस्लाहती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये जे कण मांडले, त्यांची कृती जवळून पाहण्यासारखी आहे. सिलिकॉनची गुळगुळीत चकती टेफ्लॉनच्या भांड्याच्या तळाशी घट्ट बसवतात. काच चालत नाही, हायड्रोफ्लोरिक आम्ल काचच खाऊन टाकतं. हे आम्ल त्वचेतून आत जाऊन शरीरातल्या कॅल्शियमला जाऊन भिडतं, म्हणून अशा ठिकाणी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असावं लागतं. आम्लात अल्कोहोल मिसळतात, प्लॅटिनमचं टोक बुडवतात, प्रवाह सोडतात. चकतीवर बुडबुडे येतात आणि तिचा रंग बदलत जातो. पुरेसं पोखरून झालं की प्रवाहाचा एक झटका देऊन तो थर चकतीपासून सुटा करतात, पापुद्रा सुटावा तसा. मग रात्रभर ध्वनिलहरींनी तो फोडायचा आणि २२० नॅनोमीटरच्या गाळणीतून गाळायचा. खाली उतरतात ते साधारण १२६ नॅनोमीटरचे कण, प्रत्येकाला पाच ते दहा नॅनोमीटरची भोकं. यानंतर करायचं काय, तर सुमारे दोन आठवडे कण पाण्यात ठेवून द्यायचे. पाणी त्यांना हळूहळू खातं, भिंतींवर सिलिकेची साय धरते, आतला सिलिकॉनचा गाभा बारीक होतो आणि चमकू लागतो. दिव्याच्या उद्योगाने ज्या झिजेला नावं ठेवली, तिलाच इथे उजेड पाडायला लावलं होतं.

हा उजेड ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पडतो, लाल आणि त्याच्या पलीकडचा. हात टॉर्चवर धरला तर बोटांतून लालच प्रकाश पार होतो, कारण रक्तमांस त्या पट्ट्यातला प्रकाश कमी शोषतं. म्हणून उंदराच्या शरीरात खोल असलेले कण बाहेरून कॅमेऱ्याला दिसले. वेगळं रंगद्रव्य चिकटवावं लागलं नाही, कण स्वतःच खूण होता. त्या काळात याच कामासाठी कॅडमियमचे क्वांटम डॉट, म्हणजे चमकणारे अतिसूक्ष्म कण, वापरले जात, पण त्यातलं कॅडमियम पेशींना विषारी ठरू शकतं. सिलिकॉनच्या कणांवर डेक्स्ट्रान या शर्करेचं आवरण दिलं, तेव्हा ते रक्तात जास्त वेळ टिकले आणि गाठीत जमलेले दिसले. भोकांत डॉक्सोरुबिसिन भरून ते कर्करोगाच्या पेशींना दिलं, तेव्हा पेशी मेल्या. इथे नीट वाचलं पाहिजे. गाठीचं चित्र जिवंत उंदरातलं होतं, औषधाचा परिणाम मात्र बशीत वाढवलेल्या पेशींवरचा होता. दोन्ही क्षमता एका कणात आहेत एवढं सिद्ध झालं. आणि चार आठवड्यांत उंदरांची शरीरं हे कण बाहेर टाकून मोकळी झाली होती.

याच गटांनी २०१३ साली आणखी एक बारकावा साधला. शरीरातल्या पेशीही लेसर पडल्यावर थोड्या चमकतात आणि चित्र गढूळ करतात. ती चमक काही अब्जांश सेकंदांत विझते, सिलिकॉनची चमक मात्र त्याच्या हजारपट टिकते. लेसर बंद केल्यावर क्षणभर थांबून मगच कॅमेरा उघडला, की शरीराचा गढूळपणा विझलेला असतो आणि उरतात फक्त कण.

सच्छिद्र पदार्थांचं तिसरं घराणं धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळ्यांचं, ज्यांना एमओएफ म्हणतात. त्याची सुरुवात मेलबर्नमध्ये १९७४ साली लाकडी गोळ्यांना भोकं पाडण्यापासून झाली. विद्यार्थ्यांना रेणूंच्या प्रतिकृती करता याव्यात म्हणून रिचर्ड रॉबसन सुताराकडून गोळे तयार करून घेत होते, आणि भोकांच्या जागाच रेणूचा आकार ठरवतात हे त्यांना तिथे जाणवलं. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल रॉबसन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी यांना याच जाळ्यांसाठी मिळालं. कर्करोगाच्या अंगाने पाहायचं तर २०१०चं पॅरिसजवळच्या व्हर्सायमधलं काम महत्त्वाचं. पात्रिसिया ओरकाखादा, जेरार फेरे आणि सहकाऱ्यांनी लोहाची जाळी वापरली. लोह एमआरआयमध्ये दिसतं आणि शरीराला ओळखीचं आहे. पोकळीत डॉक्सोरुबिसिन आणि बुसल्फान ही औषधं भरली. शिकागोत वेनबिन लिन यांच्या गटाची हॅफनियमची जाळी किरणोपचाराला जोड म्हणून माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेली आहे.

मग रुग्णालयांत हे कण दिसत का नाहीत?

२०१६ साली टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले नॅनोकणांचे प्रयोग गोळा करून एकच हिशेब केला: टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत किती पोचलं? मध्यक निघाला ०.७ टक्के. शंभर कण सोडले तर एकही पुरता नाही. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा पकडतात, ते त्यांचं कामच आहे. आणि उंदराची गाठ काही आठवड्यांत फुगवलेली असते, तिच्या रक्तवाहिन्या फटींनी भरलेल्या. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढते, एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही फरक असतो. कुमामोतोची निळी गाठ खरीच होती, पण उंदराची होती.

सिंगापूरच्या त्या रुग्णांना सिलिकॉन थेट गाठीत का टोचलं, त्याचं उत्तर इथे मिळतं. सिलिकेचे शिरेतून दिलेले कण माणसात तपासले गेले तेही नोंदवण्यासारखे आहेत. कॉर्नेल विद्यापीठात उलरिश विस्नर यांनी केलेले, सहा-सात नॅनोमीटरचे, न्यूयॉर्कमध्ये मिशेल ब्रॅडबरी यांच्या गटाने मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ५ रुग्णांना दिले आणि २०१४ साली निष्कर्ष छापले. ते सुरक्षित ठरले आणि किडनीतून बाहेर पडले. पण ते किडनीच्या गाळणीतून जावेत इतके लहान आहेत, भोकांत औषधाचा साठा वाहणारे नाहीत. औषध मावेल एवढी पोकळी हवी तर कण मोठा करावा लागतो, आणि मोठा कण यकृतात अडकतो. या पेचातून सुटायचा मार्ग मला तरी विरघळण्यातच दिसतो. अडकला तरी चालेल, पण तो अडकून राहता कामा नये. म्हणून तिन्ही घराण्यांत मी सच्छिद्र सिलिकॉनला पहिला मान देतो. चित्र आणि औषध दोन्ही वाहणारा सच्छिद्र नॅनोकण आज कोणत्याही कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारात नाही, हे लिहूनही मी तो मान मागे घेत नाही.

कर्करोगावर नॅनोकणांचा उपाय सापडल्याची बातमी तुमच्या मोबाइलवर पुन्हा येईल. ती पुढे पाठवण्याआधी तिच्यात तीन गोष्टी शोधा: प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, टोचलेल्यातलं गाठीत किती पोचलं, आणि उरलेलं शरीरातून किती दिवसांत गेलं. आणि घरात कोणाची केमो चालू असेल, तर त्या बातमीच्या भरवशावर तिची तारीख पुढे ढकलू नका.